सूक्ष्म सृष्टीचा शोधक लेव्हेनहूक

हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचे एक जुने शहर आहे. शहरातून संथ पाण्याचे कालवे वाहतात आणि त्यांच्या काठाने विटांची घरे ओळीने उभी आहेत. या शहरात इ. स. १६३२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २४ तारखेस आंतोन व्हान लेव्हेनहूक याचा जन्म झाला. त्याचे वडील टोपल्या विणण्याचा धंदा करीत. आंतोन पाच वर्षांचा असतानाच त्यांना मृत्यूने गाठले. पुढे आईने दुसरा विवाह केला व आंतोनला दूरच्या गावी शाळेत ठेवण्यात आले. त्या काळी युरोपातील विद्वान आपले ग्रंथ लॅटिन भाषेत लिहीत असत. ज्याला लॅटिन येत नाही, त्याची गणना विद्वानांत होत नसे. आंतोनला मात्र आपल्या मातृभाषेवाचून दुसरी भाषा कधीच आली नाही. विश्वविद्यालयाचे तर त्याने दारही पाहिले नाही.

वयाच्या सोळाव्या वर्षी तो ॲम्स्टरडॅम या मोठ्या व्यापारी शहरी गेला आणि एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहू लागला. सहा वर्षे तेथे काढल्यावर, १६५४ साली तो डेल्फ्टला परतला. तेथे त्याने लग्न केले आणि स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. पुढे नगराच्या न्यायसभेच्या दालनाची व्यवस्था पाहण्याची नोकरीही त्याला मिळाली. संसारात त्याच्या वाट्याला दुःख फार आले. पाच मुलांपैकी मारिया ही एकच कन्या जगली. १६६६ साली पत्नीही वारली. पुढे त्याने दुसरा विवाह केला, पण तीही पत्नी त्याच्या आधीच गेली. मारियाने मात्र आपल्या पित्याला अखेरपर्यंत साथ दिली.

कापडाचा व्यापारी कापड घेताना त्याचे सूत पारखून घेतो. त्या काळचे व्यापारी धागे मोजण्यासाठी लहानसे भिंग जवळ बाळगीत. भिंगाखाली धरलेले साधे सूत दोरखंडासारखे जाड दिसते, हे लेव्हेनहूक रोज पाहत होता. इतरांचे काम धागे मोजण्याने संपे. लेव्हेनहूकचे कुतूहल मात्र तेथूनच सुरू झाले. धाग्यात जर इतके काही दडले आहे, तर माशीच्या डोळ्यात, मधमाशीच्या नांगीत, पाण्याच्या थेंबात काय असेल, असा विचार त्याच्या मनात घोळू लागला. मग दुकान बंद झाल्यावर तो काच वितळवी, घाशी, तिला झिलई देई आणि स्वतःच्या हाताने भिंगे तयार करी.

त्याची भिंगे वाटाण्याहूनही लहान असत. असे एक भिंग पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये तो घट्ट बसवी. पाहावयाची वस्तू एका बारीक टोकावर ठेवी आणि मळसूत्र फिरवून ती भिंगासमोर आणी. हे सगळे यंत्र तळहातावर सहज मावे. पाहताना ते अगदी डोळ्याजवळ धरावे लागे. त्या काळी दोन भिंगांची मोठी सूक्ष्मदर्शक यंत्रेही होती. परंतु त्यांतून वस्तू अंधुक दिसे. लेव्हेनहूकचे एकच भिंग त्यांच्यावर मात करी. त्याच्या आज उरलेल्या यंत्रांपैकी सर्वांत प्रभावी यंत्र वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखवते. आपल्या आयुष्यात त्याने पाचशेहून अधिक भिंगे तयार केली.

डेल्फ्टमध्ये रेनिये द ग्राफ नावाचा एक विद्वान वैद्य राहत असे. त्याने लेव्हेनहूकची भिंगे पाहिली आणि तो थक्क झाला. त्याने १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या कापड दुकानदाराची ओळख करून दिली. त्या वेळी इंग्लंड आणि हॉलंड यांचे युद्ध चालू होते. तथापि ज्ञानाच्या देवघेवीला युद्धाची आडकाठी झाली नाही. सोसायटीने लेव्हेनहूकची निरीक्षणे छापली व आणखी लिहिण्याची त्याला विनंती केली. तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षे तो आपल्या साध्या मातृभाषेत सोसायटीला पत्रे लिहीत राहिला.

डेल्फ्टपासून काही अंतरावर एक सरोवर होते. हिवाळ्यात त्याचे पाणी स्वच्छ असे. उन्हाळ्यात ते हिरवट होई. दव पडल्यामुळे असे होते, अशी लोकांची समजूत होती. १६७४ साली लेव्हेनहूकने ते पाणी बाटलीत भरून घरी आणले आणि भिंगाखाली धरले. त्यात हिरव्या तंतूंच्या गुंडाळ्या होत्या आणि त्यांच्यामधून चिमुकले जीव इकडून तिकडे धावत होते. दोन वर्षांनी मिरी तिखट का लागते, हे शोधण्यासाठी त्याने मिरीचे दाणे पाण्यात भिजत घातले. काही दिवसांनी त्या पाण्यात त्याला सरोवरातील जीवांहूनही कितीतरी लहान जीव दिसले. त्यांतील अत्यंत लहान जीवांना आज आपण जीवाणू म्हणतो. मनुष्याच्या डोळ्याने जीवाणू पाहिल्याची ही पहिलीच वेळ होती.

हे वर्तमान त्याने १६७६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला कळवले. तेथील विद्वानांना ते खरे वाटेना. पाण्याच्या एका थेंबात हजारो प्राणी राहतात, हे एका अशिक्षित दुकानदाराच्या शब्दावर कसे मानावे? एका सभासदाने तसे प्राणी पाहण्याचा प्रयत्न केला, पण त्याला काही दिसले नाही. लेव्हेनहूकची सगळी प्रतिष्ठा पणाला लागली. तो रागावला नाही, की खचलाही नाही. त्याने गावातील प्रतिष्ठित माणसांना घरी बोलावले आणि त्यांच्या हाती आपले यंत्र दिले. धर्मोपदेशक व कायद्याचा जाणकार यांच्यासह आठ जणांनी ते जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे लिहून दिले. ते दाखले लंडनला गेले. १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट हूक या नामांकित शास्त्रज्ञाने पुन्हा प्रयोग केला. पहिल्या खेपांना त्याला अपयश आले, पण अखेर त्याच्याही भिंगाखाली ते चिमुकले जीव हालचाल करताना दिसले. मग शंकेला जागा उरली नाही. १६८० साली रॉयल सोसायटीने या दुकानदाराला आपले सभासदत्व सन्मानपूर्वक दिले.

एवढा मान मिळाल्यावर एखादा मनुष्य स्वस्थ बसला असता. लेव्हेनहूकचा ध्यास मात्र वाढतच गेला. १६८३ साली, वयाच्या पन्नाशीत, त्याने आपले भिंग स्वतःच्याच दातांकडे वळवले. दातांच्या स्वच्छतेबद्दल तो फार दक्ष असे. रोज सकाळी तो मिठाने दात घाशी व पाण्याने खळखळून चूळ भरी. जेवणानंतर दातांच्या फटी कोरून काढी आणि फडक्याने दात पुशी. त्याच्या वयाच्या माणसांत इतके शुभ्र दात क्वचितच आढळत. तरीही भिंगातून पाहता त्याला दातांच्या फटींमध्ये भिजवलेल्या पिठासारखा पांढरा, चिकट थर आढळला.

त्याने त्या थराचा कण काढून पाहिला. कण अगदी निश्चल होता. त्यात जिवंत असे काही असेल, हे दुसऱ्या कोणाच्या मनातही आले नसते. लेव्हेनहूकने तो कण पावसाच्या शुद्ध पाण्यात कालवला. त्या पाण्यात आधी एकही जीव नाही, याची त्याने खात्री करून घेतली होती. आता भिंगाखाली पाहतो तो काय! कण सुटा झाला होता आणि पाणी जिवंत जीवांनी भरून गेले होते. काही जीव वेगवान माशाप्रमाणे सरळ सुसाट जात होते. काही भोवऱ्यासारखे गरगर फिरत होते. काही चिलटांच्या थव्याप्रमाणे एकमेकांत मिसळत होते. त्याने स्त्रियांच्या, लहान मुलाच्या व वृद्धांच्या दातांवरील थरही तपासला. एका वृद्धाने जन्मात कधी दात घासले नव्हते. त्याच्या दातांवर तर जीवांची गणतीच करता येईना. एका माणसाच्या दातांवर जितके जीव असतात, तितकी माणसे साऱ्या देशातही नसतील, असा अंदाज लेव्हेनहूकने नोंदवून ठेवला.

हे जीव मारता येतील का, असा प्रश्न मग त्याच्यापुढे उभा राहिला. त्याने तीव्र सिरका तोंडात घेतला, दात मिटून तो चांगला खळखळवला आणि नंतर स्वच्छ पाण्याने चूळ भरली. इतक्या आंबट सिरक्याने सगळे जीव मेले असतील, असे कोणासही वाटले असते. लेव्हेनहूकने मात्र तसे गृहीत धरले नाही. त्याने दातांवरचा थर पुन्हा काढला व पुन्हा पाहिला. त्यात असंख्य जीव अजून जिवंत होते! आता त्याने दुसरा प्रयोग केला. थराचा कण आधी पाण्यात कालवून सुटा केला आणि मग त्या पाण्यात सिरक्याचा थोडासाच अंश घातला. या वेळी सगळे जीव तत्काळ मरून गेले.

एकच सिरका आणि एकच जातीचे जीव. मग एकदा ते वाचतात आणि एकदा मरतात, असे का व्हावे? लेव्हेनहूकने यावर विचार केला. जीव सुटे झाले की सिरका त्यांना मारतो. ते थरात दाटीने राहतात तेव्हा मारू शकत नाही. याचा अर्थ असा, की तोंडात घेतलेला सिरका थराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या जीवांनाच मारतो. थराच्या आत तो पोचतच नाही. हा निष्कर्ष त्याने लंडनला कळवला. आपला उपाय अपुरा पडला, हे सांगण्यास तो लाजला नाही.

काही वर्षांनी, १६९२ साली, त्याला आणखी एक चमत्कार आढळला. त्याच्या पुढच्या दातांवरच्या थरात आता जिवंत जीव दिसेनात. तो कारण शोधू लागला. अलीकडे तो रोज सकाळी कढत कॉफी पीत असे. कॉफीच्या उष्णतेने ते जीव मरत असावेत, असा तर्क त्याने बांधला. पण मागच्या दाढांच्या फटींतून, जेथे कढत कॉफी नीट पोचत नाही तेथून, थर काढून पाहताच जिवंत जीव पुन्हा मोठ्या संख्येने दिसले. आडोसा मिळाला की हे जीव तग धरतात, हीच गोष्ट पुन्हा प्रत्ययास आली.

त्याची कीर्ती आता सर्वत्र पसरली. १६९८ साली रशियाचा सम्राट पीटर हॉलंडला आला, तेव्हा त्याने लेव्हेनहूकची भेट घेतली आणि ईल माशाच्या शेपटीतील रक्ताचा प्रवाह त्याच्या यंत्रातून पाहिला. इतके असूनही लेव्हेनहूकचा एक हट्ट कायम होता. आपली उत्तम भिंगे कशी तयार केली, हे त्याने कधीच कोणाला सांगितले नाही. त्यामुळे त्याच्या मागे हे काम त्याच तोडीने चालवणारा मनुष्य दीर्घकाळ निर्माण झाला नाही. त्याच्या थोरवीला ही एक उणीवच म्हटली पाहिजे.

वृद्धापकाळीही त्याचे निरीक्षण थांबले नाही. १७२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या २६ तारखेस, नव्वदाव्या वर्षी, डेल्फ्टमध्येच त्याने देह ठेवला. त्याच्या इच्छेप्रमाणे मारियाने २६ सूक्ष्मदर्शक यंत्रांची एक पेटी रॉयल सोसायटीकडे पाठवून दिली. दुर्दैवाने पुढे ती पेटी गहाळ झाली. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये लेव्हेनहूकची समाधी आजही आहे.

त्याच्या पश्चात जीवाणूंचे शास्त्र फार पुढे गेले. अनेक रोगांचे जीवाणू सापडले व त्यांवर औषधे निघाली. शास्त्रज्ञ मुख्यतः काचेच्या नळीत, द्रव पदार्थात सुटे तरंगणारे जीवाणू वाढवून त्यांचा अभ्यास करीत. दातांवरच्या थरात त्यांचे जीवन कसे चालते, या गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. १९७८ साली कॉस्टर्टन, गीसी व चेंग या शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा लेख लिहिला. निसर्गात बहुतेक जीवाणू एकटे भटकत नाहीत, तर कोणत्या तरी पृष्ठभागाला चिकटून समुदायाने राहतात, असे त्यांनी दाखवून दिले. अशा समुदायाच्या थराला जैवपटल म्हणतात. तेव्हा कोठे लेव्हेनहूकच्या सिरक्याच्या प्रयोगाचे मोल जगाला पुरते समजले.

जैवपटल कसे तयार होते, हे दातांच्या उदाहरणावरून सहज कळते. दात घासून स्वच्छ केले, की काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा अतिशय पातळ लेप त्यांवर बसतो. लाळेतून वाहणारे जीवाणू या लेपाला येऊन टेकतात. त्यांतील काही निघून जातात, काही घट्ट चिकटतात. चिकटलेले जीवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात आणि आपल्या भोवती एक बुळबुळीत, चिकट द्रव्य सोडतात. या द्रव्यात ते एकत्र रुतून बसतात. मग दुसऱ्या जातींचे जीवाणू येऊन त्यांना चिकटतात. अशा रीतीने थरावर थर चढत जातो. भिंती आणि गल्ल्या असलेली एक वस्तीच जणू तेथे उभी राहते. अनेक जैवपटलांत पाणी व अन्न आत नेणारे बारीक मार्गही असतात.

ही वस्ती भोवतालच्या परिस्थितीप्रमाणे आपले वर्तन बदलते. वरच्या भागातील जीवाणूंना प्राणवायू भरपूर मिळतो. ते तो वापरून टाकतात, त्यामुळे ज्यांना प्राणवायू सोसत नाही असे जीवाणू खालच्या भागात सुखाने राहू शकतात. आत अन्न कमी पोचते, म्हणून तेथील जीवाणू आपली वाढ मंद करतात. पुष्कळ औषधे वाढत्या जीवाणूंवरच चालतात; त्यामुळे हे मंदावलेले जीवाणू वाचतात. शिवाय काही औषधे वरच्या थरातच अडकून निकामी होतात. जीवाणू विशिष्ट रसायने बाहेर सोडतात. त्या रसायनांचे प्रमाण वाढले, की आपल्या भोवती दाटी झाली आहे हे त्यांना समजते आणि मग ते एकजुटीने वागू लागतात. अन्न संपले किंवा परिस्थिती प्रतिकूल झाली, तर त्यांतील काही सुटून जातात आणि दुसरीकडे नवी वस्ती वसवतात.

दातांवरच्या वस्तीला साखर मिळाली, म्हणजे तेथील काही जीवाणू तिच्यापासून आम्ल तयार करतात. ते आम्ल दातांच्या कठीण कवचाला झिजवते आणि दात किडतात. नुसती चूळ भरून ही वस्ती मोडत नाही. ती घासूनच मोडावी लागते. सुटा झालेला जीव सिरक्याने तत्काळ मेला, या लेव्हेनहूकच्या प्रयोगात याचेच मर्म आहे. असेच थर नदीतील गुळगुळीत दगडांवर, पाण्याच्या नळांत आणि रुग्णांच्या शरीरात बसवलेल्या नळ्यांवरही तयार होतात. म्हणून रुग्णालयात त्यांची फार काळजी घ्यावी लागते. सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांत मात्र याच थरांचा उपयोग करून घेतात. दगडगोट्यांवर वाढलेले जीवाणू पाण्यातील घाण खाऊन टाकतात.

जीवाणू हा शब्द किंवा जैवपटलाची कल्पना लेव्हेनहूकला ठाऊक नव्हती. दातांच्या किडीत या जीवांचा हात आहे, हेही त्याला कळलेले नव्हते. परंतु जे दिसले ते त्याने जसेच्या तसे लिहून ठेवले. उपाय केल्यावर तो लागू पडला, असे मानून तो थांबला नाही. पुन्हा भिंग उचलून त्याने पाहिले. ते पुन्हा पाहणे जवळजवळ तीनशे वर्षांनी मानवजातीच्या उपयोगी पडले. विद्येची पदवी नसलेल्या एका कापड दुकानदाराने, केवळ स्वच्छ काच, स्थिर हात आणि सत्याची चाड यांच्या बळावर, मनुष्याला एका अदृश्य सृष्टीचे दार उघडून दिले.